घरातल्या सगळ्यांना चालतील अशी गोड बिस्किटं कशी निवडावीत

'पौष्टिक' लिहिलेला बिस्किटाचा पुडा घरी आणला की बहुतेक घरांत पुढचं ठरलेलं असतं. आणणारा तो चार दिवस निष्ठेनं खातो, मुलं एक तुकडा चावून बाजूला ठेवतात, आजोबा 'हे चहात नीट बुडत नाही' म्हणून जुन्याच पुड्याकडे वळतात, आणि उरलेली बिस्किटं डब्यात सादळतात.

यात दोष कोणाच्या जिभेचा नाही. बिस्किट म्हणजे पीठ, साखर आणि तूप-तेल. साखर त्यात नुसती गोडीसाठी नसते. तिच्यामुळे बिस्किट कुरकुरीत होतं, त्याला खरपूस रंग येतो. तूप किंवा तेल पिठाच्या कणांना वेढून बसतं, गव्हाची चिकटी धरू देत नाही, म्हणून ते तोंडात विरघळतं. दोन्ही एकदम कमी केलं तर हाती उरतो वाळलेल्या पोळीचा तुकडा. म्हणूनच बाजारात साखर कमी केलेल्या बिस्किटात बरेचदा तेल जास्त सापडतं, आणि तेल कमी केलेल्यात साखर. हे एकदा लक्षात आलं की शोध सोपा होतो. आपल्याला औषध नको आहे. साखर जरा कमी, धान्य जरा जास्त, आणि पुडा संपेल इतकी चव, एवढं मिळालं तरी पुष्कळ.

पहिली पायरी: बिस्किट कोण, कधी, कशासाठी खातं ते बघा

दुकानात जाण्याआधी आठवडाभर घरातला खप नुसता बघा. एकाच घरात बिस्किटाची निदान चार वेगळी कामं असतात. सकाळ-संध्याकाळच्या चहात बुडवायचं, मुलांच्या मधल्या सुट्टीच्या डब्यातलं, प्रवासात किंवा ऑफिसात अकरा वाजता भूक मारायचं, आणि पाहुण्यांच्या बशीतलं. चारही कामांना एकच बिस्किट शोधायला गेलात तर कोणालाच न आवडणारं मिळेल.

सर्वांत जास्त खप असलेलं काम आधी हातात घ्या. ते बहुतेक चहाचंच असतं. पाहुण्यांची बशी महिन्यातून दोनदा निघत असेल तर तिथं बदल करून काही साधत नाही. तिथं क्रीमची बिस्किटं राहू द्या. रोजच्या चहातली आठ बिस्किटं बदलली तर मात्र फरक पडतो.

दुसरी पायरी: पुडा उलटा करा

पुढची बाजू जाहिरातीची. गव्हाच्या लोंब्या, दुधाचा धबधबा, मधाचं पोळं, सगळं तिथं असतं. आपलं काम मागच्या बारीक अक्षरांशी. चष्मा घरी विसरला असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा, दुकानदार काही म्हणत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. पहिल्या जागी 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' किंवा 'मैदा' दिसला तर पुढं 'मल्टिग्रेन' कितीही मोठ्या अक्षरांत असलं तरी ते मैद्याचं बिस्किट. 'व्होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' पहिला हवा. नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलं असेल तर त्यावरून कणीक आहे असं धरून चालू नका.

दुसरी खूण टक्क्यांची. पुढच्या बाजूला ज्या धान्याचं नाव मिरवलेलं असतं त्याचं प्रमाण यादीत द्यावं लागतं. नाचणीच्या बिस्किटात नाचणी चाळीस टक्के आहे की चार, हे तिथं कळतं. ओट्सचंही तेच. हा एक आकडा वाचायची सवय लागली की निम्मे पुडे आपोआप मागे पडतात.

तिसरी खूण साखरेच्या टोपणनावांची. यादीत साखर तिसऱ्या जागी दिसते म्हणून आपण निश्चिंत होतो. पण खाली लिक्विड ग्लुकोज असतं, इन्व्हर्ट सिरप असतं, मध, गूळ, माल्ट एक्स्ट्रॅक्टही असतं. वेगवेगळ्या नावांनी लिहिल्यामुळे प्रत्येक खालच्या जागी जातं. शरीराला ती सगळी मिळून साखरच. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली पावडर, पोषणाच्या तक्त्यात साखर म्हणून मोजलं जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचंही लवकरच ग्लुकोज होतं.

यादीतल्या आयएनएस आकड्यांना, म्हणजे पदार्थात घातलेल्या पूरक घटकांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांना, मात्र उगाच घाबरू नका. आयएनएस ५०० म्हणजे खायचा सोडा, ५०३ म्हणजे अमोनियाचा खार, बेकरीत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनमधलं. यादीत आकडे आहेत एवढ्यावरून पुडा वाईट ठरत नाही. साखर आणि तेल कितव्या जागी आहे हे जास्त महत्त्वाचं.

तिसरी पायरी: तक्त्यातले मोजके आकडे

पोषणाच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमचा रकाना बघा. 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना सोडून द्या, कारण सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं की पाच, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं ठरवते.

आधी 'ॲडेड शुगर', म्हणजे वरून घातलेली साखर. भारतात ती आता एकूण साखरेपासून वेगळी लिहावी लागते. क्रीमच्या बिस्किटांत १०० ग्रॅममागे साधारण ३० ते ४० ग्रॅम साखर असते, ग्लुकोज आणि मारी प्रकारांत २० ते २७ च्या आसपास, डायजेस्टिव्ह प्रकारांत बरेचदा १५ ते २०. रोजच्या चहासाठी माझी मर्यादा १८ ची आहे, १५ मिळालं तर उत्तम. याहून खाली गेलेलं गोड बिस्किट घरातल्या सगळ्यांना आवडणं अवघड. तुलनेसाठी सांगायचं तर ब्रिटनमध्ये पुड्याच्या दर्शनी भागावर जी ऐच्छिक रंगखूण असते, तिच्यात १०० ग्रॅमला २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असली की लाल रंग लागतो.

मग 'सॅच्युरेटेड फॅट'. इथं निवडीला वाव कमी, कारण बहुतेक कारखानी बिस्किटं पामतेलाची, आणि पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. दोन पुड्यांत साखर सारखी असेल तर ज्यात हा आकडा कमी तो घ्या, एवढंच करता येतं. ट्रान्स फॅटवर मात्र वेळ घालवू नका. जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांतल्या तेल-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्के केलेली आहे, त्यामुळे 'झिरो ट्रान्स फॅट' ही आता बढाई मारण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही.

आणि फायबर. भारतीय नियमांप्रमाणे १०० ग्रॅमला किमान ३ ग्रॅम असेल तर 'फायबरचा स्रोत', ६ ग्रॅम असेल तर 'हाय फायबर' म्हणता येतं. फायबरचा दावा नसेल तर हा आकडा देण्याची सक्ती नाही. तक्त्यात तो दिसलाच नाही, तर मिरवण्याइतकं नाही असं समजून पुढं जा.

कॅलरींचा आकडा बघून निराश व्हाल. जवळजवळ सगळी गोड बिस्किटं १०० ग्रॅमला ४५० ते ५०० च्या घरातली. 'लाइट' लिहिलेलंही तिथंच. म्हणूनच कोणतं बिस्किट यापेक्षा किती बिस्किटं, हा प्रश्न शेवटी मोठा ठरतो.

तो सोडवायला एक सोपा हिशेब. निव्वळ वजनाला आतल्या बिस्किटांच्या संख्येनं भागा. १०० ग्रॅमच्या पुड्यात १८ बिस्किटं निघाली तर एक साडेपाच ग्रॅमचं. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर धरली तर चार बिस्किटांत साडेपाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर. दोन वेळच्या चहाला मिळून अकरा ग्रॅम, शिवाय चहातली वेगळी. आपल्याकडच्या पुड्यांवरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम साखर ही कमाल धरून काढलेली असते. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या निम्म्यावर, २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक बरं म्हणते. याच हिशेबात डायजेस्टिव्हची गंमतही कळते. ते बिस्किट जाड, मारीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचं. 'हलकं आहे' म्हणून चार मारीऐवजी चार डायजेस्टिव्ह खाल्ली तर साखर कमी होत नाही, वाढते.

चौथी पायरी: दावे चाळून घ्या

डायजेस्टिव्ह: पचनाशी याचा आज फारसा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये खायच्या सोड्यानं पोट हलकं होतं असा समज होता, त्यावरून हे नाव आलं. पुष्कळ पुड्यांत पहिला घटक मैदाच असतो. ज्यात आटा पहिला, ते चांगलं.

गुळाची: गूळ चवीला सुरेख, पण त्यातला बहुतेक भाग साखरच. लोह-बिह असतं ते इतकं कमी की बिस्किटातून मोजण्यासारखं काही मिळत नाही. चवीसाठी जरूर घ्या, मधुमेहाला चालतं म्हणून घेऊ नका.

शुगर फ्री: इथं जरा थांबायला हवं, कारण घरातल्या मधुमेही माणसासाठी हा पुडा हमखास आणला जातो. १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच असं लिहिता येतं, ते खरं. पण पीठ तर आहेच, आणि पिठातल्या पिष्टाचं रक्तात ग्लुकोजच होतं. म्हणून मधुमेहींनी तक्त्यात 'कार्बोहायड्रेट' बघावं आणि किती चालेल ते आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारावं. साखरेऐवजी अनेकदा माल्टिटॉलसारखं पॉलिऑल असतं. त्याचं प्रमाण जास्त असलं की पुड्यावर रेचक परिणामाची सूचना छापावी लागते, आणि ती सूचना खोटी नाही. अर्धा पुडा एका बैठकीत संपवणाऱ्यांना ती पटते. कृत्रिम गोडी घातलेल्या पुड्यावर 'लहान मुलांसाठी नाही' अशी ओळही दिसते. म्हणजे आजोबांचा हा डबा नातवाच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर हवा, आणि मग सगळ्या घराचं बिस्किट एकच राहत नाही. माझं मत असं की साधं, कमी साखरेचं बिस्किट मोजून दोन खावं. ते सगळ्यांच्या ताटात बसतं.

दूध-बिस्किट: दुधाची पावडर यादीत कुठं आहे ते बघा. बहुतेकदा ती शेवटाकडे सापडते.

पाचवी पायरी: घरच्यांपुढे ठेवणं

इथं बहुतेक चांगले बेत फसतात, म्हणून थोडं धूर्त व्हा. मोठा फॅमिली पॅक पहिल्यांदाच आणू नका. तीन-चार प्रकारचे सर्वांत लहान पुडे आणा. बिस्किटं पुड्यांतून काढून बश्यांमध्ये ठेवा, नावं सांगू नका. 'पौष्टिक' हा शब्द उच्चारलात की मुलांची जीभ आधीच नाही म्हणते, आणि मोठ्यांचीही.

चव बघायची ती चहाबरोबर. नुसतं चावून आवडलेलं बिस्किट कपात टाकल्यावर निकामी ठरू शकतं. कोंडा जास्त असलेली बिस्किटं चहा पटकन शोषतात आणि तळाशी बसतात, मग शेवटचा घोट चमच्यानं खावा लागतो. उलट काही इतकी घट्ट असतात की आत चहा शिरतच नाही. आजोबांचं 'बुडत नाही' ही तक्रार अगदी रास्त असते. मारीसारखी पातळ, टोचे मारलेली बिस्किटं या कामाला बरी. कणकेची मारी मिळाली, साखर १८ च्या आसपास असली, तर शोध तिथंच थांबवा.

मुलांच्या डब्यासाठी नियम उलटा. तिथं बुडवायचं काही नसतं, त्यामुळे जाड, दाणेदार, नाचणीचं किंवा ओट्सचं बिस्किट चालतं. त्याच्याबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा केळं दिलं तर दोन बिस्किटांत भागतं. क्रीमचं बिस्किट एकदम बंद केलंत तर ते शेजाऱ्यांकडे खाल्लं जाईल. आठवड्यातला एक दिवस त्याला देऊन टाका.

आणखी एक, तान्ह्या मुलांचं. दुधात बिस्किट कालवून बाळाला भरवायची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि आजीच्या हातून ती सुटणं कठीण असतं. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वरून घातलेली साखर देऊ नये असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. बिस्किट 'पौष्टिक' असलं तरीही. त्या वाटीत नाचणीची खीर किंवा मऊ भात-वरण असू द्या. आजीला आकडे दाखवण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं लवकर पटतं.

सहावी पायरी: बेकरीतून करून आणणं

सुट्टी बिस्किटं, नानकटाई, टोस्ट, खारी, बटर यांच्यावर लेबल नसतं. टोस्ट हलका, आजारी माणसाला चालतो, हा समज फार पक्का आहे, पण तोही बहुधा मैद्याचाच, आणि गोड टोस्टमध्ये साखर असतेच. बेकरीवाल्याला सरळ विचारा: पीठ कोणतं, तूप की डालडा? नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर खरं सांगतो.

त्याहून चांगला मार्ग आपल्या गावांत अजून शिल्लक आहे. दिवाळीआधी किंवा मे महिन्यात पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि डबाभर बिस्किटं भाजून आणायची. बेकरीवाला किलोमागे मजुरी घेतो. इथं प्रमाण आपल्या हातात असतं. नेहमीच्या नानकटाईत पिठाच्या निम्म्याहून जास्त साखर आणि साधारण तितकंच तूप किंवा डालडा जातो. तुम्ही एक किलो पिठाला ३०० ग्रॅम पिठीसाखर आणि ४०० ग्रॅम तूप द्या. पिठात ६०० ग्रॅम कणीक आणि ४०० ग्रॅम भाजलेलं नाचणीचं पीठ चांगलं जमतं. सगळीच नाचणी घातली तर बिस्किट ट्रेमधून उचलतानाच तुटतं, कारण तिच्यात गव्हाची चिकटी नसते. बेकरीवाला 'ताई, साखर कमी पडेल' म्हणेलच. त्याला म्हणावं, पडू दे.

नाचणीचं पीठच न्या, सत्त्व नको. सत्त्व करताना कोंडा गाळून टाकलेला असतो, आणि फायबर तर त्या कोंड्यातच. नाचणीतलं कॅल्शियम १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, बाकीच्या धान्यांच्या कितीतरी पट. दोन बिस्किटांतून त्यातलं थोडंच पोटात जातं, पण मैद्यापेक्षा बरंच.

सातवी पायरी: घरी, कढईत

ओव्हन नसला तरी अडत नाही. पहिल्या खेपेला एवढंच करा:

- कणीक १०० ग्रॅम, नाचणीचं पीठ १०० ग्रॅम (कोरडं, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून गार केलेलं)
- तूप ३० ग्रॅम आणि शेंगदाणा तेल ३० ग्रॅम
- बारीक चिरलेला किंवा किसलेला गूळ ५० ग्रॅम
- बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ
- लागेल तसं दूध, साधारण चार-पाच चमचे

तूप, तेल आणि गूळ हातानं फेटून एकजीव करा. गुळाचा खडा राहिला तर तिथं बिस्किट जळतं, म्हणून घाई नको. पीठं, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलदोडा-जायफळ चाळून घाला. दुधाचा हात लावून गोळा जमेल इतकंच मिसळा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की बिस्किट चिवट होतं. अर्धा तास झाकून ठेवा, नाचणी ओल शोषते. मग दुधाच्या पिशवीच्या दोन धुतलेल्या तुकड्यांमध्ये लाटून वाटीनं किंवा झाकणानं गोल कापा. काट्यानं टोचे मारा.

जाड बुडाच्या कढईत तळाला मीठ पसरा, वर तिवई ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापू द्या. तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटं लांब लांब मांडून आत ठेवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. ओव्हनमध्ये १६० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. नाचणीचा रंग मुळातच गडद, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. कडेला बोट लावून बघा, कडा घट्ट आणि मधला भाग किंचित मऊ असला की काढा. गरम असताना ती मऊच लागतात, गार झाल्यावर कुरकुरीत होतात.

एवढ्यात दहा ग्रॅमची सुमारे तीस बिस्किटं होतात. साखर १०० ग्रॅमला साधारण १५ ग्रॅम पडते, म्हणजे एका बिस्किटात दीड ग्रॅम. नुसतं तूप वापरलं तर चव अर्थातच जास्त खुलते, पण तुपातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त असते, या बाबतीत ते पामतेलाच्या वरच आहे. घरचं म्हणून ते हिशेबातून सुटत नाही. शेंगदाणा तेलात हेच प्रमाण बरंच कमी, म्हणून निम्मं-निम्मं. मुलांनी गोडी कमी म्हणून नाक मुरडलं तर पुढच्या खेपेला गूळ ७० ग्रॅम घ्या आणि मग दर खेपेला दहा ग्रॅमनं खाली या.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेनं सादळतात. पावसाळ्यात कोकणात तर दोन दिवसांत. सादळलीच, तर तव्यावर ताटली ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. आणि डबा जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. बशीत मोजून काढा, डबा परत फडताळात.